पिशवीबाहेर राहिलेलं आतडं

जांघेत हर्निया असलेल्या माणसाची स्वतःपुरती एक कसोटी ठरलेली असते. आडवं पडल्यावर गाठ आत गेली की सगळं ठीक. नाही गेली तर थोडा वेळ थांबायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, तळहाताने हलकेच दाबायचं, आणि एकदा गेली की पुन्हा आपल्या कामाला लागायचं. वर्षानुवर्षं ही कसोटी खरी ठरते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर अशी गत असल्यामुळे घरात त्याची फारशी वाच्यताही होत नाही.

ही कसोटी सपशेल खोटी पाडणारा एक प्रकार आहे. अडकलेल्या शंभर हर्नियांमध्ये तो एखादाच, फार तर दोन. त्याचं नाव मायडल हर्निया. प्रागमधले शल्यचिकित्सक कारेल मायडल यांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं. या प्रकारात सडू लागलेलं आतडं गाठीत नसतंच, ते पोटात असतं. गाठीतलं आतडं बऱ्याचदा त्यापेक्षा चांगल्या स्थितीत असतं. त्यामुळे गाठ पाहून पेशंटचा अंदाज चुकतो, घरच्यांचा चुकतो, आणि घाईत असला तर सर्जनचाही चुकू शकतो.

आधी साधा अडकलेला हर्निया कसा होतो ते पाहू. पोटाच्या भिंतीत एक कमकुवत जागा असते. तिथून पोटाच्या आतलं पातळ अस्तर पिशवीसारखं बाहेर येतं आणि त्या पिशवीत आतडं उतरतं. पिशवीचं तोंड जिथे भिंतीतून बाहेर पडतं ती तिची मान. खोकल्याच्या उबळीबरोबर, संडासला जोर केल्यावर किंवा वजन उचलताना नेहमीपेक्षा जास्त आतडं मानेतून खाली सरकतं आणि मागे फिरत नाही. सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तसं पुढचं सगळं घडतं. रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या भिंती मऊ असतात, त्या आधी दबतात. धमन्यांमधून रक्त येत राहतं, पण जायला वाट नाही. आतडं सुजतं, सूज आली की मान आणखी आवळते, आणि शेवटी धमन्याही बंद होतात. रक्त पूर्ण तुटलं तर साधारण सहा तासांत आतड्याची भिंत कायमची मरू लागते. हा आकडा घड्याळ लावून पाळायचा नाही. कुणाचं आतडं लवकर जातं, कुणाचं उशिरा, आणि रक्तपुरवठा नेमका कधी तुटला हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

मायडलमध्ये पिशवीत एकाऐवजी दोन वेटोळी उतरतात. आतडं तर सलग असतं, तेव्हा त्या दोन वेटोळ्यांना जोडणारा मधला भाग कुठेतरी असणारच. तो पोटातच राहतो. कागदावर काढलं तर इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर होतं: खालचे दोन कोपरे पिशवीत आणि मधला उंचवटा मानेच्या वर, पोटात. या मधल्या वेटोळ्याची कोंडी दुहेरी होते. त्याची दोन्ही टोकं मानेत चेपलेली असल्यामुळे आतला वायू आणि द्रव ना पुढे जात, ना मागे, आणि ते फुगत जातं. त्याला रक्त पुरवणारा आंत्रबंधाचा पडदाही मानेतल्या दाटीत दाबला जातो. फुगलेलं वेटोळं स्वतःभोवती पीळही घेऊ शकतं. एवढं सगळं होत असताना बाहेर दिसते ती रोजचीच गाठ, फार तर थोडी मोठी झालेली.

हा प्रकार बहुतेक करून पुरुषांत, उजव्या बाजूला, खूप वर्षं जुन्या आणि अंडकोशापर्यंत उतरलेल्या मोठ्या हर्नियात आढळतो. दोन वेटोळी उतरायला पिशवी ऐसपैस लागते. आणि पिशवी ऐसपैस व्हायला दुर्लक्ष लागतं, हे लिहिताना वाईट वाटतं, कारण त्या दुर्लक्षामागे नेहमी बेफिकिरी असतेच असं नाही. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात भाजीच्या गाड्या रात्री लागतात. तिथे गोणी पाठीवर घेणाऱ्या हमालाला किंवा वारणाराला ऑपरेशन म्हणजे बुडालेली मजुरी दिसते. गोणीचं वजन ५० किलोंच्या वर नको ही माथाडींची जुनी मागणी आहे. तरीही निव्वळ वजन उचलल्याने हर्निया होतो हे पूर्ण सत्य नाही. जन्मतः नीट न मिटलेली वाट, वयानुसार सैल पडणाऱ्या ऊती, विडी-सिगारेट, जुना खोकला, कुंथून होणारी लघवी किंवा संडास, असं बरंच काही त्यामागे असतं. मात्र आधीच असलेल्या हर्नियावर रोजचं वजन पडलं की पिशवी वाढत जाते आणि मान रुंदावते. कमरेला बांधलेल्या पट्ट्याने ती वाढ थांबत नाही. पट्ट्याखाली गाठ झाकली जाते, आणि आतडं बाहेर असताना पट्टा आवळला तर दाब थेट आतड्यावर येतो.

मायडल ओळखण्याची किल्ली गाठीच्या वर आहे. माणूस म्हणतो, गाठ तर रोजचीच आहे, पण आज पोट दुखतंय. गाठ चाचपली तर तो फारसा ओरडत नाही. जांघेची घडी जिथे संपते तिथून चार बोटं वर, ओटीपोटात हात ठेवला की मात्र अंग आखडून घेतो. हर्नियाच्या पेशंटचं गाठीपेक्षा पोट जास्त दुखत असेल, तर आत काहीतरी मरतंय असं धरूनच पुढे जावं. बरोबर पोट फुगणं, आधी हिरवट-पिवळी आणि नंतर घाण वासाची उलटी, संडास आणि वायू दोन्ही बंद होणं ही अडथळ्याची नेहमीची लक्षणं असतात. नाडी १०० च्या वर असेल तर ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. ताप उशिरा येतो.

उभ्याने काढलेल्या पोटाच्या एक्स-रेमध्ये फुगलेली आतडी आणि पायऱ्यांसारख्या द्रवाच्या रेषा दिसतात. त्यावरून अडथळा आहे एवढं कळतं. कुठलं वेटोळं कुठे आहे आणि त्याच्या भिंतीत रक्त फिरतंय का, हे शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन बऱ्यापैकी सांगतो. त्या औषधाआधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात, त्यावरून किडनी कशी चाललीये ते कळतं. उलट्यांनी कोरड्या पडलेल्या माणसाची किडनी आधीच ताणात असते. ऊतींना रक्त कमी पडलं की वाढणारं लॅक्टेट रक्तात जास्त सापडलं तर काळजी वाढते, पण ते नॉर्मल आहे म्हणून आतडं जिवंत आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. पोट कडक आणि माणूस खचत चाललेला असेल तर स्कॅनच्या रांगेत तासभर घालवू नये, सरळ ऑपरेशन थिएटर गाठावं.

थिएटरमध्ये नेण्याआधीचा तासदीड तासही वाया जाऊ द्यायचा नाही. तोंडाने काही नाही, पाण्याचा घोटही नाही. नाकातून रायल्स ट्यूब घालून पोट रिकामं करतात, म्हणजे भूल देताना उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. शिरेतून रिंगर लॅक्टेट, अँटिबायोटिक, लघवीला कॅथेटर. लघवी ताशी किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिलिटर यायला लागली की द्रव पुरेसा पोचतोय असं समजतात. नातेवाईक बाहेर म्हणतात की दोन तास झाले तरी नुसतं सलाईनच चाललंय. पण कोरड्या पडलेल्या माणसाला भूल दिली की ब्लड प्रेशर कोसळतं. ते सलाईन उपचारातच मोडतं.

भूल दिल्यावर कधीकधी स्नायू सैल पडतात आणि सर्जनने चिरा घ्यायच्या आधीच गाठ आपोआप आत सरकते. टेबलापाशी उभ्या असलेल्यांना क्षणभर हायसं वाटतं. पण मेलेलं आतडं पिशवीत असो वा पोटात, ते शोधून पाहिल्याशिवाय टाके घालता येत नाहीत. पिशवीच्या मानेतूनच दुर्बीण आत घालून पाहता येतं, किंवा पोट उघडावं लागतं.

गाठ बाहेरच असेल तर जांघेत चिरा घेतात. आधी पिशवी उघडायची, मानेपाशी आवळणारी कडी नंतर कापायची, हा क्रम पाळावाच लागतो. कडी आधी कापली तर आतडं न तपासताच पोटात निसटतं आणि पिशवीतलं दूषित पाणीही त्याच्यासोबत जातं. पिशवी उघडली की आधी ते पाणी बाहेर येतं. पिवळसर आणि नितळ असेल तर बरं. तांबूस किंवा चहाच्या रंगाचं, वास मारणारं असेल तर आत काय असणार ते सगळ्यांना कळतं. पाणी ओढून काढल्यावर आतडं दिसतं, आणि इथेच मोजायचं असतं. साध्या अडकलेल्या हर्नियात मानेतून आतड्याचे दोन पाय येतात, एक जाणारा आणि एक येणारा. मायडलमध्ये ते चार असतात. चार पाय दिसले की मधलं वेटोळं वर आहे हे नक्की.

समोरची दोन्ही वेटोळी गुलाबी, चकचकीत आणि हलती असली तर त्यांना आत लोटून द्यायचा मोह होतो. त्यांना तसं लोटलं तर पोटात राहिलेलं काळं वेटोळं तिथेच फुटतं, आणि दोन-तीन दिवसांनी पोट भरून पू घेऊन तो माणूस पुन्हा त्याच टेबलावर येतो, आला तर. म्हणून कडी रुंद करून आतडं हळूहळू खाली ओढतात आणि मधलं वेटोळं डोळ्यांसमोर आणतात. ते आणताना कधीकधी रंग बदलत जाताना दिसतो: गुलाबी, मग जांभळट, मग एक स्पष्ट रेष, आणि त्या रेषेपलीकडे काळपट हिरवं, निस्तेज, ओल्या कागदासारखं लिबलिबीत आतडं. इथे हात फार जपून चालवावा लागतो, कारण मेलेली भिंत ओढताना फाटते. जांघेतल्या चिऱ्यातून ते येत नसेल तर हट्ट न धरता पोटाच्या मध्यरेषेत दुसरा चिरा घेतलेला बरा.

जांभळं आतडं मेलेलं असेलच असं नाही. कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या कापडात, ते गुंडाळून ठेवतात, भूलतज्ज्ञ शंभर टक्के ऑक्सिजन देतात आणि पाच ते दहा मिनिटं वाट पाहतात. मग चार गोष्टी पाहायच्या: रंग परतला का, पृष्ठभागाला तकाकी आली का, बोटाने हलकं टिचकावल्यावर आतडं आकुंचन पावतं का, आंत्रबंधातल्या छोट्या धमन्यांचे ठोके लागतात का. कडी रुतलेल्या जागचा वळ वेगळा तपासायचा. बाकी वेटोळं सुधारलं तरी त्या अरुंद पट्ट्यातली भिंत मेलेली असू शकते. जे सुधारत नाही ते काढून टाकायचं आणि दोन्हीकडची टोकं कापलेल्या कडेतून ताजं रक्त येईल तिथपर्यंत मागे नेऊन जोडायची. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. अर्धा मीटर गेलं तरी माणसाच्या जेवणखाणात फार फरक पडत नाही. दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर मात्र अन्न आणि पाणी शोषून घेण्याचाच प्रश्न उभा राहतो.

जाळीचं काय, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. नेहमीच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये भिंतीला जाळी लावतात, तसं केल्याने हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण बरंच कमी राहतं. पण आतडं फुटलेलं असेल, पू किंवा मैला सांडला असेल, तर त्या जागी कायमची जाळी ठेवली की जंतू तिला धरून बसतात. तेव्हा नुसत्या टाक्यांनी भिंत शिवतात. पुढे हर्निया पुन्हा होऊ शकतो, हे पेशंटला त्याच वेळी समजावून सांगायला हवं. नाहीतर दोन वर्षांनी त्याला वाटतं की ऑपरेशनच चुकलं.

मायडलशी नातं सांगणारा, तितकाच फसवा आणि त्याच्यापेक्षा बराच जास्त आढळणारा दुसरा प्रकार रिख्टर हर्नियाचा. जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट गॉटलीब रिख्टर यांनी १७७८ च्या सुमारास त्याचं नीट वर्णन केलं. यात आतड्याचं अख्खं वेटोळं अडकत नाही, भिंतीचा एका बाजूचा चिमटा तेवढा पकडला जातो. मधली वाट मोकळी राहते. त्यामुळे उलटी नाही, पोट फुगत नाही, वायू सरतो, संडासही होते. ‘सकाळी पोट साफ झालंय, मग आतडं कसलं अडकतंय’ हा घराघरातला युक्तिवाद इथे लागू पडत नाही. चिमट्यातली भिंत मात्र भराभर मरते.

रिख्टर बहुतेकदा मांडीच्या वरच्या टोकाला असलेल्या फीमोरल हर्नियात होतो. ती वाट अरुंद असते आणि तिची आतली कड कडक, धारदार. हा हर्निया वयस्क, सडपातळ बायकांमध्ये जास्त दिसतो. नऊवारीच्या किंवा परकराच्या गाठीखाली दोन सेंटिमीटरची गाठ असते. आजी ती कुणाला दाखवत नाहीत, आणि दाखवली तरी ‘गाठ आलीये’ म्हणून शेक किंवा लेप सुरू होतो. अडकलेल्या जागी शेक दिल्याने उपयोग काही होत नाही, वेळ तेवढा जातो. वयस्क बाईच्या पोटदुखीचं कारण सापडत नसेल तर दोन्ही जांघा उघड्या करून पाहायलाच हव्यात. सुनेने नाही तर निदान तपासणाऱ्या डॉक्टरने तरी. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं छिद्र आतून नीट शिवलं गेलं नाही, तर तिथेही हाच चिमटा बसू शकतो.

जांघेतला हर्निया अडकण्याची शक्यता एका इंग्लिश अभ्यासात, १९९१ साली, अशी मांडली गेली: नेहमीच्या इंग्वायनल हर्नियात तीन महिन्यांत २.८ टक्के आणि दोन वर्षांत ४.५ टक्के, फीमोरलमध्ये तीन महिन्यांत २२ टक्के आणि २१ महिन्यांत ४५ टक्के. फीमोरल हर्निया कळला की पुढची तारीख लगेच घ्यावी असं म्हणतात ते याच फरकामुळे. उलट, फारसा त्रास न देणारा इंग्वायनल हर्निया असलेल्या पुरुषांनी वाट पाहिली तर काय होतं, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या ७२० जणांच्या चाचणीत तपासलं गेलं. अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनहून कमी निघालं. म्हणजे लहान, न दुखणाऱ्या हर्नियासाठी रात्रीतून धावपळ करायची गरज नाही. मात्र वाट पाहणाऱ्या त्या पुरुषांपैकी बहुतेकांनी पुढच्या दहा वर्षांत दुखणं वाढलं म्हणून ऑपरेशन करून घेतलं. अंडकोशापर्यंत उतरलेल्या, पूर्ण आत न जाणाऱ्या जुन्या गाठीला हे ‘थांबून पाहू’ लागू होत नाही. मायडल होतो तो तिथेच.

अडकलेली गाठ हाताने आत घालणं हे डॉक्टरचं काम आहे, तेही मोजक्याच वेळा. अडकून थोडाच वेळ झालेला, कातडी लाल नाही, ताप नाही, पोट मऊ, असं असेल तरच. दुखणं कमी करणारं इंजेक्शन देतात, पलंगाचा पायाकडचा भाग उंच करतात, वीस-तीस मिनिटं थांबतात. मग एका हाताच्या बोटांनी मानेपाशी गाठ लांबट करायची आणि दुसऱ्या हाताने हळूहळू वाट दाखवायची. तळाकडून नुसतं दाबलं तर आतडं मानेच्या कडांवर पसरतं आणि जास्त अडकतं. जोर लावला तर अख्खी पिशवीच, आवळणाऱ्या मानेसकट, भिंतीच्या आत ढकलली जाते. बाहेर गाठ नाही आणि आत आतडं तसंच आवळलेलं! गाठ नीट आत गेली तरी निदान एक रात्र माणसाला नजरेखाली ठेवतात, आणि शक्यतो त्याच मुक्कामात ऑपरेशन उरकतात. घरी दाबून आत घातली आणि तरीही पोट दुखायचं थांबलं नाही, तर ती गाठ आत जाण्याला काही अर्थ नाही. निघायचं.

कुठे निघायचं, हे ठाण्यात आणि नवी मुंबईत आधीच ठरवून ठेवावं. रात्री घोडबंदर रोडवर अवजड गाड्यांची रांग लागली की गायमुखपासून माजिवड्यापर्यंत यायला किती वेळ जाईल, याचा नेम नसतो. जवळचं नर्सिंग होम गाठून तिथून पुन्हा दुसरीकडे पाठवणी होण्यापेक्षा निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पोटाचा सर्जन आत्ता येऊ शकेल का, सीटी स्कॅन रात्री होतो का, आणि आयसीयूत जागा आहे का. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालयं आहेत. अशा ठिकाणी सर्जरीचे डॉक्टर रात्री हजर असण्याची शक्यता जास्त. १०८ ला फोन केला तर ‘पोट दुखतंय’ एवढंच न सांगता ‘हर्निया अडकलाय, उलट्या होताहेत’ असं सांगावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्यावं, पण कागद सापडत नाहीत म्हणून निघायचं थांबू नये. ते मागाहून कुणीही आणून देऊ शकतं.

निघताना अॅसिडिटीची गोळी, ओवा, एरंडेल, एनिमा यातलं काही देऊ नये. पुढे वाट बंद असताना मागून जोर आला की फुगलेलं आतडं आणखी ताणलं जातं. घोटभर पाणीही नको, फार तर ओठ ओले करावेत. एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून खिशात ठेवाव्यात: गाठ शेवटची कधी आत गेली होती, पोट दुखायला किती वाजता लागलं, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, रोजच्या गोळ्या कुठल्या. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टीच बरोबर न्यावी आणि कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या हातात द्यावी, कारण ऑपरेशनआधी कुठलं रक्त किंवा प्लाझ्मा मागवायचा हे त्यावरून ठरतं.